कानातली सरकती त्वचा

कुत्र्याच्या कानात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं आणि फेस आला की ‘बघा, घाण निघतेय’ म्हणायचं! असले व्हिडिओ पाहून जीव कळवळतो. तो फेस ऑक्सिजनचा असतो. पेरॉक्साइडचं विघटन करणारं कॅटलेज हे विकर जंतूंत असतं, तसंच कुत्र्याच्या रक्तात आणि पेशींतही असतं. फेसावरून संसर्ग कळत नाही. सुजलेली त्वचा मात्र आणखी चुरचुरते.

मुळात निरोगी कान स्वतःच स्वतःला साफ करतो. कुत्र्या-मांजरांच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्यापर्यंत जाते. अशा बोळातला मळ बाहेर कसा येतो? अंगावरची त्वचा जुनी झाली की जागच्या जागी गळून पडते. कानात तसं झालं असतं तर नळी कधीच बुजली असती. तिथे पडद्यावर तयार झालेल्या पेशींचा थर आडवा सरकत नळीच्या भिंतीवर येतो आणि मळ, मेलेल्या पेशी पाठीवर घेऊन बाहेरच्या तोंडाकडे निघतो. आपल्या कानातही हेच चालतं, साधारण नख वाढण्याच्या वेगाने, म्हणजे दिवसाला सुमारे ०.१ मिलिमीटर. मला हे शरीरातलं सर्वांत सुंदर यंत्र वाटतं.

दाह झाला की हे यंत्र अडखळतं. त्वचा जाड होते, ग्रंथी जास्त मळ स्रवतात, नळी अरुंद होते, आत ओल साचते. मॅलॅसेझिया हे यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस जिवाणू तिथे आधीपासूनच थोडे असतात, ते आता फोफावतात. म्हणजे जंतूंचा जोर बहुधा नंतरचा असतो. कुत्र्यांत पहिली ठिणगी बऱ्याचदा अ‍ॅलर्जीची असते. लोंबत्या कानांवर सगळा दोष टाकून चालत नाही. वर्षातून तीनदा कान बिघडत असेल, तर प्रश्न कानापुरता नाही.

ओळखायचं कसं? कुत्रा सारखं डोकं झटकतो, कान जमिनीवर घासतो, कानाच्या मुळाशी हात लावला की कण्हतो. नाक जवळ नेलं तर आंबूस वास येतो. तपकिरी, मेणचट मळ बहुधा यीस्टचा, पिवळा-हिरवा पू जिवाणूंचा. पण रंगावरून औषध ठरवू नये. पशुवैद्य कापसाच्या बोळ्यावर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, ती पाच मिनिटं फार मोलाची आहेत. मांजराच्या किंवा पिल्लाच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा भुगा दिसला, तर ओटोडेक्टेस या माइटची, म्हणजे कानातल्या बारीक किडीची, शंका घ्यावी. तो घरातल्या इतर प्राण्यांनाही लागतो, म्हणून उपचार सगळ्यांवर करावे लागतात. खाजवून खाजवून कानाची पाळी फुग्यासारखी फुगली, तर आत रक्त साकळलेलं असतं.

डोकं एका बाजूला कललं, प्राणी गोल फिरू लागला, बुबुळं थरथरू लागली, तर त्रास आतल्या कानापर्यंत पोचला आहे. एका डोळ्याची बाहुली बारीक होऊन तिसरी पापणी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पातळ पडदा, वर आली, तर मधल्या कानातून जाणारी चेता दुखावली असावी. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जायला हवं.

मागच्या वेळची उरलेली औषधाची बाटली मात्र उघडू नका. पडदा फाटलेला असेल, तर जेंटामायसिनसारखं औषध थेंबावाटे आत उतरून ऐकण्याच्या पेशी कायमच्या मारू शकतं, आणि फाटलेला पडदा बाहेरून दिसत नाही.