साथीत बंद झालेलं मैदान मुलांसाठी उघडायचं असेल तर: आदेश कसा वाचायचा, निवेदन कुठे द्यायचं

कोविडच्या काळात महाराष्ट्रातली मैदानं आणि बागा बंद झाल्या आणि उघडल्या त्या सरकारी आदेशांवर. त्यामुळे ‘मैदान उघडण्यासाठी कोणता फॉर्म भरायचा?’ या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच, की असा फॉर्म नव्हताच. लेखी निवेदन मात्र देता येतं. ते योग्य माणसाकडे, योग्य आदेशाचा हवाला देऊन गेलं तरच त्याचा उपयोग होतो. राज्यातले निर्बंध 2022 च्या गुढीपाडव्याला उठले, पण ज्या कायद्यांखाली ते आले होते ते कायदे आजही आहेत. म्हणून ही माहिती हाताशी असलेली बरी.

आधी पाहा, बंद कुणी केलं

सगळं चालत होतं दोन कायद्यांवर: साथरोग अधिनियम 1897 आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005. केंद्रीय गृह मंत्रालय मार्गदर्शक सूचना काढायचं, त्यावर राज्याचे मुख्य सचिव आदेश काढायचे, आणि त्याखाली महापालिका हद्दीत आयुक्त व उरलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी आपापले आदेश काढायचे. मार्च 2020 च्या राज्य नियमावलीत हेच ‘सक्षम प्राधिकारी’ ठरवले होते. खालच्या पायरीला वरचा निर्बंध सैल करता येत नव्हता. केंद्राच्या ‘अनलॉक’ सूचनांतही राज्यांना तशी मनाई होती. कडक करायला मात्र हरकत नव्हती.

म्हणजे राज्य सरकारने बंद केलेली बाग प्रभाग कार्यालयातला साहेब उघडू शकत नाही. त्याच्याशी हुज्जत घालण्यात दिवस घालवू नयेत. राज्याच्या आदेशात जागा खुली आहे आणि तरीही फाटकाला कुलूप आहे, अशी स्थिती असेल तर मात्र तुमचं निवेदन स्थानिक कार्यालयाकडेच गेलं पाहिजे.

‘उघडलं’ म्हणजे नेमकं काय उघडलं?

खरी गोम इथे आहे. निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल करणाऱ्या राज्याच्या 31 मे 2020 च्या ‘मिशन बिगिन अगेन’ आदेशाने 3 जूनपासून मैदानं, बागा, समुद्रकिनारे अशा मोकळ्या जागी पहाटे 5 ते संध्याकाळी 7 या वेळेत चालणं, धावणं, सायकल चालवणं सुरू झालं. घोळक्याने काही करायला बंदी होती आणि मुलांसोबत मोठं माणूस हवं होतं. पोरांना वाटलं, चला, सुटलो! पाठोपाठ 4 जूनच्या सुधारित आदेशात आलं, की ओपन जिम, झोपाळे, व्यायामाचे बार अशी साधनं वापरायची नाहीत. मैदान मोकळं, घसरगुंडी बंद.

पुढे 14 ऑक्टोबर 2020 च्या आदेशाने प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरची उद्यानं आणि मोकळ्या जागा विरंगुळ्यासाठी उघडल्या. पण केंद्राच्या सूचनांमध्ये 65 वर्षांवरील व्यक्ती, गरोदर महिला आणि 10 वर्षांखालील मुलं यांनी घरीच राहावं, असं कायम होतं. हे शब्द नीट वाचावेत. तो सल्ला होता, बंदी नव्हती. अनेक ठिकाणी फाटकावरचा माणूस त्याचीच बंदी करायचा, आणि आईबाप मुकाट्याने परत फिरायचे.

सगळ्यात बोलका आदेश 2 ऑगस्ट 2021 चा. त्याने सार्वजनिक उद्यानं आणि क्रीडांगणं उघडायला मुभा दिली, ती व्यायाम, चालणं, जॉगिंग आणि सायकलिंगसाठी. क्रीडांगण उघडलं, पण कारणांच्या यादीत खेळ नाही! मोठ्यांची प्रभातफेरी आधी आणि मुलांचा झोका शेवटी, हा क्रम त्या दोन वर्षांत पुन्हा पुन्हा दिसला. शिवाय ही सवलतही सगळीकडे नव्हती. पुणे, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी यांच्यासह 11 जिल्हे तिच्याबाहेर राहिले, आणि मुंबई, मुंबई उपनगर व ठाण्याचा निर्णय तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांवर सोपवला गेला.

म्हणून आदेश हातात आला की चार गोष्टी शोधा: जागेचा प्रकार, वापराचं कारण, वेळ आणि साधनांबद्दलचं वाक्य. बातमीच्या मथळ्यावर विसंबू नका.

तुमचा भाग पात्र आहे का

जून 2021 मध्ये पात्रता आकड्यांवर ठरू लागली. 4 जूनच्या आदेशाने पाच स्तर केले. चाचण्या पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण 5 टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या खाटा 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे मैदानं नेहमीसारखी. तिसऱ्या स्तरात मोकळ्या जागा रोज पहाटे 5 ते सकाळी 9 एवढ्याच वेळेत, चौथ्यात त्याही फक्त सोमवार ते शुक्रवार, पाचव्यात पूर्ण बंद. मोठ्या महापालिका जिल्ह्यापासून वेगळ्या धरल्या होत्या, त्यामुळे शहराचा स्तर एक आणि शेजारच्या गावाचा दुसरा असं होई. 25 जूनला विषाणूच्या डेल्टा प्लस प्रकारामुळे कुणालाही पहिल्या-दुसऱ्या स्तराची सूट मिळणार नाही असं ठरलं, आणि आकडे चांगले असलेल्या गावांची पात्रताही कागदावरच राहिली. सकाळी 5 ते 9 ही वेळ मुलांसाठी कुणी ठरवली असेल, असं वाटत नाही.

निवेदन कुणाकडे

जागा कुणाची हे आधी कळायला हवं. महापालिकेची बाग असेल तर उद्यान विभाग. मुंबईत वॉर्डाचे सहायक आयुक्त आणि त्यांच्याकडचे सहायक उद्यान अधीक्षक, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय आणि उद्यान अधीक्षक. नगरपरिषदेत मुख्याधिकारी. गावात सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). तालुका किंवा जिल्हा क्रीडा संकुल असेल तर क्रीडा अधिकारी. शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक, कारण शाळांचे आदेश वेगळे निघत होते. प्रत मात्र प्रत्येक वेळी सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे आयुक्तांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना जाऊ द्या.

निवेदन कोणीही नागरिक देऊ शकतो. पालकांचा गट, मंडळ, गृहनिर्माण संस्था असेल तर वजन वाढतं. क्रिकेट किंवा कबड्डीचे वर्ग चालवणाऱ्यांचं प्रकरण निराळं. त्यांनी आदेशातला ‘क्रीडा’ हा मुद्दा पाहावा आणि मैदान वापरण्याची मूळ परवानगी किंवा करारपत्र जोडावं.

काय लिहायचं, काय जोडायचं

पानभर पुरे. मजकूर असा ठेवता येईल: ‘शासनाच्या अमुक तारखेच्या आदेशातील अमुक मुद्द्यानुसार आमच्या भागातील क्रीडांगण खुलं असणं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ते बंद आहे. ते मुलांसाठी उघडावं, किंवा बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत द्यावी.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. ‘वरून आदेश आहे’ हे तोंडी उत्तर त्याने कागदावर येतं.

सोबत आदेशाची प्रत (संबंधित ओळीखाली रेघ मारून), जागेचा पत्ता आणि प्रभाग क्रमांक, कुलूप किंवा फलकाचे फोटो, सही करणाऱ्यांची नावं आणि संस्था असेल तर ठरावाची प्रत जोडा. आधार कार्डाची प्रत उगाच जोडू नका, निवेदनाला तिची गरज नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

साधनं उघडायची मागणी असेल तर स्वच्छतेची योजना जोडलेली बरी: गर्दीची वेळ, एका वेळी किती मुलं, हात धुण्याची सोय, पुसण्याचं काम कुणाचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2020 च्या सूचनांत वारंवार हात लागणाऱ्या पृष्ठभागांसाठी 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) आणि ब्लीच चालत नाही अशा धातूसाठी 70 टक्के अल्कोहोल सांगितलं होतं. रस्त्या-मैदानांवर औषध फवारणं जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 मध्येच नको म्हटलं होतं. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे 10,000 मध्ये 1 पेक्षा कमी असल्याचं म्हटलं. हा मुद्दा निवेदनात जरूर घाला, कारण झोपाळे बंद ठेवण्याचं मुख्य कारण हेच दिलं जायचं. मास्कचं थोडक्यात: 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती नको, असं भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून 2021 मध्ये सांगितलं होतं.

सोसायटीच्या आतलं मैदान

इथे महापालिकेचं कुलूप नसतं, समितीचं असतं. सरकारने मोकळी केलेली जागा समितीने बंद ठेवली असेल तर आधी सचिवांकडे लेखी मागणी करा आणि ठरावाची प्रत मागा. बहुतेक वेळा ठरावच झालेला नसतो. दाद लागली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

उत्तरच आलं नाही तर

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ, पुरावा मात्र जोडावा लागतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आतला हवा. माहिती का हवी हे सांगावं लागत नाही. मागा ते एवढंच: मैदान बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत, तो काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि तुमच्या निवेदनावर झालेली कार्यवाही. 30 दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तोवर आदेश बदललेला असेल, ही शक्यता आहेच. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज निवेदनाला उत्तर येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात टाकावा.