डिफेंडर

डिफेंडर हा शिकागोच्या विल्यम्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेला, नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम. आडव्या सरकत्या पडद्यावरच्या हवाई लढाईच्या सुरुवातीच्या खेळांपैकी हा एक. विल्यम्सचे नाव तोवर पिनबॉलसाठी (उतरत्या फळीवर पोलादी गोळी टोलवत ठेवायचा यंत्रखेळ) होते आणि प्रमुख रचनाकार युजीन जार्विस हाही पिनबॉलमधूनच आलेला. लॅरी डिमार, सॅम डिकर आणि पॉल डसॉल्ट हे त्याचे साथीदार.

त्या काळी बहुतेक खेळांचे जग एका पडद्यात मावत असे. डिफेंडरमधला ग्रह पडद्याहून कितीतरी रुंद आहे. यान डावीकडे वा उजवीकडे, कुठेही पिटाळले तरी फेरी पुरी होऊन तेच डोंगर पुन्हा समोर येतात. नजरेआड काय चालले आहे ते वरच्या पट्टीतल्या चिमुकल्या नकाशावर ठिपक्यांनी दिसते. मुरलेला खेळाडू यानापेक्षा त्या पट्टीवरच जास्त डोळा ठेवतो.

नावाप्रमाणे खेळाचा जीव राखणीत आहे. जमिनीवर १० माणसे असतात. ‘लँडर’ नावाचे परग्रही खाली उतरून त्यांतल्या एकाला उचलतात आणि सावकाश वर नेऊ लागतात. त्याला घेऊन लँडर पडद्याच्या माथ्यापर्यंत पोहोचला की दोघांचा मिळून ‘म्यूटंट’ होतो, आणि तो पिसाळल्यासारखा यानावर धावून येतो. वाटेतच लँडर टिपला तर माणूस खाली पडू लागतो. त्याला हवेतच झेलले की ५०० गुण, सुखरूप जमिनीवर ठेवले की आणखी ५००. फार उंचावरून पडला तर मात्र तो मरतो. आपल्या गोळीनेही माणूस मरतो, त्यामुळे घाईत वाचवणाऱ्याच्याच हातून घात होतो. दहाही जण गेले की ग्रहाचा स्फोट होतो आणि उरलेले सगळे लँडर म्यूटंट बनतात. शत्रूच्या दर पाचव्या हल्ल्याला ग्रह पुन्हा मिळतो, एवढीच दया.

खरी धास्ती नियंत्रणांची. वर-खाली जायला जॉयस्टिक आणि त्याखेरीज पाच बटणे: वेग, दिशा उलटवणे, गोळी, पडद्यावरचे सारे शत्रू उडवणारा स्मार्ट बॉम्ब आणि भलत्याच जागी नेऊन टाकणारे हायपरस्पेस. शेवटचे बटण म्हणजे निव्वळ जुगार. नव्या जागी पोहोचताच यान फुटूही शकते. नवख्याचे नाणे अनेकदा मिनिटभरात संपे. तरी लोक पुन्हा रांगेत उभे राहिले आणि ५०,००० हून अधिक यंत्रे खपली.

पुढे जार्विस आणि डिमार यांनी विड किड्झ ही स्वतःची संस्था काढून ‘स्टारगेट’ हा पुढचा भाग केला. पाच बटणे कमी वाटली असावीत. यात अदृश्य होण्यासाठी सहावे आले.

मूळ डिफेंडरमध्ये दर १०,००० गुणांना एक यान आणि एक स्मार्ट बॉम्ब बक्षीस मिळतो. पण त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक राहून गेली: ९,९०,००० गुणांच्या पुढे टिपलेल्या प्रत्येक शत्रूमागे हे बक्षीस पडू लागते. १०,००,००० झाले की गुणफलक पुन्हा शून्यावर येतो, पण तोवर साठलेली याने खेळाडूच्या हातात राहतात.