डीएमआयडीकोड: संगणकाची ओळख सांगणाऱ्या साधनाची पार्श्वभूमी

जुन्या संगणकात रॅम वाढवायची म्हटले की मदरबोर्डवर स्लॉट किती आहेत, त्यांतले रिकामे किती आणि बसवलेली स्टिक कोणत्या प्रकारची व किती वेगाची आहे, हे आधी पाहावे लागते. लिनक्स वापरणारा माणूस त्यासाठी सहसा संगणक उघडत नाही. तो टर्मिनलमध्ये रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने डीएमआयडीकोड हा प्रोग्रॅम चालवतो आणि १७ क्रमांकाच्या प्रकारातील नोंदी मागवतो. प्रत्येक स्लॉटची एक नोंद समोर येते: स्लॉटचे नाव, स्टिकची क्षमता, प्रकार, वेग, उत्पादक, अनुक्रमांक. हे सारे क्षणात होते. कार्यालयांतील संगणकांची यादी ठेवणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट याच प्रोग्रॅमवर विसंबून असतात. इतके मर्यादित काम करणाऱ्या साधनाची देखभाल दोन दशकांहून अधिक काळ का चालू राहावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हे साधन माहिती कुठून मिळवते, यात आहे.

डीएमआयडीकोड हार्डवेअरची तपासणी करत नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या फर्मवेअरने (बोर्डवरच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅमने) संगणक सुरू होताना मेमरीत जो तक्ता मांडून ठेवलेला असतो, तो वाचून माणसाला समजेल अशा रूपात छापणे एवढेच त्याचे काम. त्याच्या माहितीपुस्तिकेतच वापरकर्त्याला बजावले आहे की या पद्धतीने माहिती झटपट आणि धोका न पत्करता मिळते खरी, पण ती बिनचूक असेलच असे नाही. ही सूचना वरवरची नाही. अनुक्रमांकाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (उत्पादकाने भरावे) असा मजकूर असलेले मदरबोर्ड अनेकांनी पाहिले असतील. कारखान्यात जो रकाना भरायचा राहून गेला, तो तसाच बाजारात येतो आणि तसाच पडद्यावर उमटतो.

हा तक्ता मुळात कशासाठी तयार झाला, हे पाहायला १९९०च्या दशकात जावे लागते. कार्यालयांत वैयक्तिक संगणकांची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा कोणत्या टेबलावर कोणते यंत्र आहे आणि त्यात काय काय बसवले आहे, हे एका ठिकाणी बसून कळावे अशी गरज निर्माण झाली. १९९२ साली याच उद्देशाने डीएमटीएफ ही उद्योगसंस्था स्थापन झाली आणि तिने डेस्कटॉप मॅनेजमेंट इंटरफेस, म्हणजे डीएमआय, पुढे आणला. फर्मवेअरने द्यायच्या माहितीचे मानक मात्र बायोस (संगणक सुरू करणारे फर्मवेअर) आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतंत्रपणे आखले. अमेरिकन मेगाट्रेंड्स, अवॉर्ड, डेल, इंटेल, फिनिक्स आणि सिस्टमसॉफ्ट यांनी मार्च १९९६ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. १९९९ च्या सुमारास हे मानक डीएमटीएफकडे गेले आणि आज ते एसएमबायोस या नावाने ओळखले जाते. मूळ डीएमआयचे काम २००५ मध्ये औपचारिकरीत्या थांबले, एसएमबायोस मात्र आजही वाढत आहे.

लिनक्सवर हा तक्ता वाचणारा प्रोग्रॅम २००० च्या सुमारास ॲलन कॉक्स यांनी लिहिला. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, विकासात त्यांचे नाव त्या काळी अग्रभागी होते. २००२ मध्ये ज्याँ देल्व्हार यांनी त्याची सूत्रे घेतली आणि पुढची दोन दशके या प्रोग्रॅमवर मुख्यतः त्यांचीच छाप राहिली. सोर्स कोडच्या माथ्यावरील हक्कनोंदीत ही दोन्ही नावे एकाखाली एक दिसतात. माझ्या मते पहिल्या लेखनापेक्षा या दुसऱ्या टप्प्याचे महत्त्व अधिक आहे. तक्ता वाचण्याचा मूळ विचार थोड्या ओळींत मावतो, पण वेगवेगळ्या कंपन्यांनी तो तक्ता कसकसा भरला आहे, याचे ज्ञान वर्षानुवर्षांच्या तक्रारी वाचूनच जमा होते.

हे ज्ञान कोणत्या स्वरूपाचे असते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये तक्ता नेमका कुठे आहे हे आधी शोधावे लागते. त्यासाठी मेमरीतल्या एफ०००० या पत्त्यापासून पुढच्या ६४ किलोबाइट भागात दर १६ बाइटांवर थांबून, दोन्ही बाजूंना अधोरेषा असलेली ‘एसएम’ ही अक्षरे आहेत का, हे पाहिले जाते. ती सापडली की तिथल्या प्रवेशनोंदीची (तक्त्याचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीची) लांबी आणि चेकसम (चूक ओळखण्यासाठीचा आकडा) पडताळून तक्त्याचा पत्ता घेतला जातो. आता या प्रवेशनोंदीची लांबी ३१ बाइट आहे, पण मानकाच्या २.१ आवृत्तीत ती चुकून ३० छापली गेली. काही उत्पादकांनी छापील आकडा पाळला, काहींनी खरा. त्यामुळे त्या आवृत्तीच्या यंत्रांबाबत दोन्ही आकडे संभवतात, असे पुढच्या आवृत्त्यांत लिहून ठेवावे लागले. आवृत्ती क्रमांकाचेही तसेच. काही बायोस स्वतःची एसएमबायोस आवृत्ती २.३१ किंवा २.३३ असल्याचे सांगतात, एखादा २.५१ सांगतो, अशा आवृत्त्या अस्तित्वातच नाहीत. डीएमआयडीकोडमध्ये पहिल्या दोन क्रमांकांना २.३ आणि तिसऱ्याला २.६ मानण्याची स्पष्ट तरतूद आहे आणि अशी दुरुस्ती केली की तसे तो वापरकर्त्यालाही कळवतो. उत्पादकाची चूक झाकायची नाही, तिच्यामुळे कामही अडू द्यायचे नाही, हा समतोल मला या साधनाच्या घडणीतला सर्वांत मोलाचा गुण वाटतो.

मानकाची वाढ हे देखभालीचे दुसरे मोठे कारण. १९९६ मध्ये जे रकाने पुरेसे वाटले, ते एकेक करून अपुरे पडले. रॅमच्या नोंदीत क्षमतेसाठी १६ बिट राखले होते. त्यांतला सर्वांत वरचा बिट आकडा किलोबाइटमध्ये आहे की मेगाबाइटमध्ये हे सांगतो, म्हणजे प्रत्यक्ष आकड्यासाठी १५ बिट उरतात आणि ३२,७६७ मेगाबाइटच्या पुढे जाता येत नाही. ३२ जीबीची स्टिक म्हणजे ३२,७६८ मेगाबाइट, एका आकड्याने बाहेर. म्हणून २०१० मध्ये आलेल्या २.७ आवृत्तीत नोंदीच्या पुढच्या भागात एक मोठा रकाना जोडला गेला आणि जुन्या रकान्यात ३२,७६७ हा आकडा दिसला तर खरी क्षमता नव्या रकान्यात पाहावी, असा नियम झाला. हा नियम ठाऊक नसलेला प्रोग्रॅम अशा स्टिकची क्षमता एक मेगाबाइट कमी सांगेल आणि त्याहून मोठ्या प्रत्येक स्टिकची क्षमताही तीच सांगेल. प्रोसेसरमधील कोअरच्या संख्येसाठी एकच बाइट होता. २५६ कोअरची भाषा सुरू झाल्यावर २०१५ च्या ३.० आवृत्तीत तिथेही दोन बाइटांचा पर्यायी रकाना आला. बायोसच्या चिपचा आकार, प्रोसेसरचे कुळ, यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडले.

यादीतल्या संकेतांकांचाही प्रश्न असतो. रॅमच्या प्रत्येक पिढीला मानकात एक संकेतांक दिलेला असतो आणि त्याचा अर्थ प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असावा लागतो. डीडीआर५ रॅम बाजारात आली, तेव्हा ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती त्यांना प्रकाराच्या जागी ‘आउट ऑफ स्पेक’ असा शेरा दिसला. स्टिक उत्तम असते, फर्मवेअरने संकेतांकही बरोबर दिलेला असतो. फक्त वाचणाऱ्याच्या यादीत तो नसतो. वर्षानुवर्षे तीच आवृत्ती ठेवणाऱ्या लिनक्सच्या दीर्घकालीन डिस्ट्रिब्यूशनवर (तयार संचावर) नवे यंत्र घेतलेल्यांना हा अनुभव हमखास येतो.

एका प्रकरणात मात्र मानक बदलल्याने पेच सुटण्याऐवजी वाढला. प्रत्येक यंत्राला यूयूआयडी हा १६ बाइटांचा ओळखक्रमांक असतो. २.६ आवृत्तीने ठरवले की त्याचे पहिले तीन भाग उलट्या बाइटक्रमाने लिहावेत, कारण प्रत्यक्षात तशीच प्रथा आहे. परंतु सरळ क्रमाने लिहिणारी यंत्रेही देल्व्हार यांच्या पाहण्यात होती; म्हणून त्यांनी बाइटक्रम उलटण्याचा नियम २.६ आणि त्यापुढच्या यंत्रांनाच लावला, जुन्या यंत्रांना नाही, आणि त्याचे कारण सोर्स कोडमध्येच टिपून ठेवले. त्यामुळे एकाच यंत्राचा ओळखक्रमांक दोन साधनांत वेगळा दिसू शकतो. यंत्रांची नोंदवही ठेवणाऱ्या व्यवस्थापकाला याचा फार त्रास होतो, पण हजारो जुन्या यंत्रांची छापून ठेवलेली ओळख एका रात्रीत बदलणे याहून वाईट ठरले असते. इथे सावधगिरी हाच योग्य निर्णय होता, असे मला वाटते.

साधनाच्या भोवतालची कार्यप्रणालीही बदलत गेली. सुरुवातीला डीएमआयडीकोड डेव्ह मेम या फाइलमधून थेट प्रत्यक्ष मेमरी वाचत असे. जी फाइल संपूर्ण मेमरी उघडी करते, तिच्यावर सुरक्षेच्या दृष्टीने बंधने येणे अपरिहार्य होते. सिक्युअर बूट आणि कर्नल लॉकडाउन ही सुरक्षेची बंधने आल्यावर तो मार्ग अनेक यंत्रांवर बंद झाला. २०१५ च्या ४.२ कर्नलने हा तक्ता सिसएफएसमध्ये (कर्नल यंत्राची माहिती फाइलींतून जिथे मांडतो तिथे) स्वतंत्र फाइलच्या रूपात उपलब्ध करून दिला आणि त्याच वर्षी आलेली डीएमआयडीकोड ३.० ही आवृत्ती तो तिथून वाचू लागली. त्या फाइली वाचायलाही रूटचाच अधिकार लागतो, कारण त्यांत अनुक्रमांक असतात. जे साधन सुडो (रूटचा अधिकार देणारी आज्ञा) लावून चालवले जाते, त्याच्या लहानशा चुकीचाही परिणाम मोठा होतो. तक्ता फाइलमध्ये उतरवून घेण्याच्या सोयीत आधीची फाइल पुसली जाऊ शकते, हा दोष २०२३ मध्ये अधिकृत सुरक्षादोष म्हणून नोंदवला गेला आणि ३.५ आवृत्तीत दुरुस्त झाला.

एआरएम या वेगळ्या प्रोसेसररचनेच्या यंत्रांचा प्रसार झाल्यावर आणखी एक मर्यादा पुढे आली. सर्व्हर वर्गातील एआरएम यंत्रांत एसएमबायोस असतो, पण रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डवर तो सहसा नसतो. तिथे हार्डवेअरचे वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या रचनेत असते. अशा बोर्डवर डीएमआयडीकोड तक्त्याचा प्रवेशबिंदू सापडला नाही असे सांगून दिलगिरी व्यक्त करतो आणि थांबतो. अंदाजाने काही छापण्यापेक्षा हे बरे.

याच काळात वाढलेल्या दुसऱ्या एका साधनाची वाट निराळी आहे आणि ती पाहिली की देखभालीचा आवाका ध्यानात येतो. पीसीआय उपकरणांची यादी देणारा एलएसपीसीआय हा प्रोग्रॅम मार्टिन मारेश यांच्या पीसीआययूटिल्स संचातला. पीसीआय बसवरील (मदरबोर्डला कार्डे जोडणाऱ्या मार्गावरील) प्रत्येक उपकरण स्वतःची ओळख दोन १६ बिटी क्रमांकांत देते: एक उत्पादकाचा, एक उपकरणाचा. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, हे पुष्कळांना पाठ असते. परंतु उपकरण आपले नाव सांगत नाही. क्रमांकावरून नाव काढायला यादी हवी. पीसीआय आयडी नावाची ही यादी जगभरच्या वापरकर्त्यांनी पाठवलेल्या नोंदींतून तयार होते आणि स्वयंसेवक ती तपासून स्वीकारतात. एके काळी ती कर्नलमध्येही होती, २.६ मालिकेच्या काळात तिला तिथून बाहेर काढले गेले, आणि ते योग्यच झाले, कारण नवे ग्राफिक्स कार्ड आले म्हणून कर्नल बदलायला लावणे रास्त नव्हते. आज ही यादी स्वतंत्रपणे अद्ययावत करता येते. एलएसपीसीआयला सांगितले तर तो अनोळखी क्रमांकाचे नाव डीएनएसद्वारे (इंटरनेटवरील नावे शोधणाऱ्या सेवेद्वारे) मध्यवर्ती संग्रहाकडे विचारूनही आणतो.

या दोन्ही साधनांच्या उत्तरांवर उभी असलेली तिसरी पिढी म्हणजे यंत्राचे एकत्रित वर्णन देणारे इंक्सीसारखे प्रोग्रॅम. २००८ मध्ये इन्फोबॅश या स्क्रिप्टपासून फुटून निघालेला इंक्सी दहा वर्षे बॅश आणि गॉक या स्क्रिप्टच्या भाषांत लिहिलेला होता. २०१८ मध्ये ३.० आवृत्तीच्या निमित्ताने तो संपूर्ण पर्ल या भाषेत नव्याने लिहिला गेला. भाषा निवडताना २००२ सालच्या पर्ल ५.८ वरही तो चालेल अशी अट कर्त्याने घालून घेतली. ज्यांना मदतीची गरज असते त्यांची यंत्रे बहुधा जुनी असतात, हे ओळखून केलेली ही निवड होती. वापरकर्ते आपल्या यंत्राचे वर्णन इतरांना दाखवतात, म्हणून अनुक्रमांक आणि नेटवर्कचे पत्ते झाकणारा पर्यायही त्यात आहे.

अशा साधनांचा भार बहुतेक वेळा एका-दोघांवर असतो. टर्मिनलमध्ये चिन्हासह यंत्राची माहिती दाखवणारा निओफेच अतिशय लोकप्रिय होता, पण त्याची शेवटची आवृत्ती २०२० मध्ये आली आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याचे कोडभांडार केवळ वाचनासाठी उरले. वापरकर्ते सी भाषेत लिहिलेल्या फास्टफेचसारख्या पर्यायांकडे वळले.

देखभाल करणाऱ्यासमोरची मूळ अडचण ही, की ज्या यंत्रावर चूक दिसते ते यंत्र त्याच्याकडे नसते. डीएमआयडीकोडने यावर साधा आणि पुरेसा उपाय केला आहे: वापरकर्ता संपूर्ण तक्ता जसाच्या तसा एका फाइलमध्ये उतरवून पाठवतो आणि देखभाल करणारा त्या फाइलवरच प्रोग्रॅम चालवून पाहतो. इंक्सीतही सिसएफएस आणि तसाच दुसरा फाइलसंच प्रॉक यांतील माहिती गोळा करून पाठवण्याची सोय आहे. एखाद्या कंपनीने चुकीचा भरलेला रकाना कोडमध्ये हाताळला जातो, तो बहुतेक वेळा अशाच कुणीतरी पाठवलेल्या फाइलमुळे. तक्ता पाठवण्यापूर्वी त्यात यंत्राचा अनुक्रमांक आणि यूयूआयडी असतात एवढे लक्षात ठेवावे, आणि तो सार्वजनिक ठिकाणी टाकण्याऐवजी देखभाल करणाऱ्याकडेच पाठवावा.