पोटातल्या महाधमनीचा फुगवटा: संशोधनाची पार्श्वभूमी

पोटातून जाणाऱ्या महाधमनीचा व्यास मोठ्या माणसात साधारण २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला की त्याला ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेकदा हा फुगवटा मूत्रपिंडाच्या धमन्या जिथून निघतात त्याच्या खाली असतो. पेशंटला काही जाणवत नाही. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत तो अचानक सापडतो. आणि फुटला, तर कित्येक जण हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचत नाहीत.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ हा रोग अथेरोस्क्लेरोसिसच्याच, म्हणजे धमन्यांत चरबीचे थर साठण्याच्या रोगाच्या खात्यात मांडला गेला. म्हातारपण, सिगारेट, धमनीत साठलेली चरबी आणि त्यातून कमजोर झालेली भिंत, असा सरळ हिशोब होता. तो अर्धाच बरोबर निघाला, आणि औषधांचा शोध इतका रखडण्यामागे हे एक कारण आहे.

शस्त्रक्रियेची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. दुसऱ्या शतकातला ग्रीक शल्यचिकित्सक अँटिलस फुगवट्याच्या वर आणि खाली धमनी बांधायचा आणि मधली पिशवी उघडून गुठळ्या काढायचा. लंडनमध्ये जॉन हंटरने १७८५ मध्ये गुडघ्यामागच्या फुगवट्यासाठी मांडीतली धमनी वरच बांधली. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी रक्त खाली पोचवलं आणि पाय वाचला. ॲस्टली कूपरने १८१७ मध्ये थेट पोटातली महाधमनी बांधून पाहिली, पण तो पेशंट दगावला. पायात जे जमलं ते पोटात जमेना, कारण इथे बांधायची ती मुख्य वाहिनीच. न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ माटासला पोटातली महाधमनी यशस्वीपणे बांधता आली ती १९२३ मध्ये.

मधल्या काळात फुगवट्यात तार भरणं, वरून सेलोफेन गुंडाळणं असे उपाय झाले. सेलोफेनमुळे बाहेरून दाह होऊन जाड व्रण तयार होईल आणि भिंतीला टेकू मिळेल, अशी अपेक्षा. रुडॉल्फ निसेनने डिसेंबर १९४८ मध्ये ब्रुकलिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या फुगवट्याला असंच गुंडाळलं. तो फुटला एप्रिल १९५५ मध्ये. तोवर नवी शस्त्रक्रिया उपलब्ध झाली होती, पण आइन्स्टाइन यांनी ती नाकारली.

ती नवी शस्त्रक्रिया म्हणजे २९ मार्च १९५१ रोजी पॅरिसमध्ये शार्ल दुबो यांनी केलेली. त्यांनी फुगवटा काढून त्या जागी मृत तरुणीच्या महाधमनीचा तुकडा जोडला. मात्र मृतांच्या धमन्या हव्या तेव्हा मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी काही वर्षांत त्यात कॅल्शियम साठतं, त्या स्वतःच फुगतात. कृत्रिम नळी हवीच होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्हूरहीस यांना कुत्र्याच्या हृदयात राहून गेलेल्या रेशमी टाक्यावर काही महिन्यांनी चकचकीत पातळ थर चढलेला दिसला. धाग्यावर असा थर येत असेल, तर सच्छिद्र कापडाच्या नळीलाही आतून अस्तर येईल, असं त्यांनी ताडलं. पॅराशूटसाठी वापरायचं विन्यॉन-एन हे कापड शिवून केलेल्या नळ्यांचे कुत्र्यांवरचे निष्कर्ष १९५२ मध्ये आले. ह्यूस्टनमध्ये मायकेल डेबेकी यांनी डेक्रॉन हे पॉलिएस्टरचं कापड वापरलं आणि तेच टिकलं. नायलॉनची ताकद शरीरात हळूहळू कमी होते, डेक्रॉनची तितकी होत नाही.

विणलेल्या डेक्रॉनची एक खोड होती. जाळीतून रक्त झिरपायचं. म्हणून पेशंटला हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देण्याआधी त्याचंच थोडं रक्त काढून नळी त्यात भिजवायची आणि गुठळ्यांनी छिद्रं बुजवून घ्यायची. हा क्रम चुकला, म्हणजे हेपॅरिन आधी गेलं, तर रक्त गोठत नाही आणि क्लॅम्प सोडल्याबरोबर नळीच्या भिंतीतून सगळीकडून रक्त येतं. नंतर कोलॅजेन किंवा जिलेटिनचा लेप दिलेल्या नळ्या आल्या आणि ही कटकट संपली.

ऑस्कर क्रीच यांनी १९६६ मध्ये मांडलेली सुधारणा दिसायला साधी, पण जीव वाचवणारी आहे. पिशवी पूर्ण सोडवून काढायला गेलं की मागे चिकटलेली महाशीर फाटते. म्हणून पिशवी फक्त पुढून उघडायची, गुठळी काढायची, पाठीकडून रक्त ओतणारी कटिधमन्यांची तोंडं आतूनच टाक्यांनी बंद करायची, नळी आतल्या आत जोडायची आणि उरलेली पिशवी तिच्यावर शिवून टाकायची. हे शेवटचं पांघरूण गाळलं तर नळी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला घासते आणि पुढे कधीतरी आतड्यात रक्तस्राव होतो.

ब्वेनोस आइरेसमध्ये हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये जांघेतल्या धमनीतून स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार लावलेली नळी आत सरकवली. खार्किवमध्ये निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत असं काम त्याआधीच केलं होतं, पण पश्चिमेत त्याची दखल उशिरा घेतली गेली. ब्रिटनच्या 'एव्हार-१' चाचणीत ३० दिवसांतले मृत्यू उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के होते, आतून केलेल्या उपचारात १.७ टक्के. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात ही आघाडी उरली नाही. आठ वर्षांनंतर ॲन्युरिझममुळे होणारे मृत्यू आतून नळी घातलेल्यांमध्येच जास्त निघाले, कारण पिशवीत गळती राहते आणि पिशवी पुढेही फुटू शकते. म्हणून अशा पेशंटला आयुष्यभर तपासणी चुकत नाही.

एवढं होऊनही भिंत मुळात का सुटते, हे कोडं होतंच. अथेरोस्क्लेरोसिसची प्रयोगशाळेतली वाट १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला उघडली होती. निकोलाय अनिचकोव्ह आणि खालातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि धमन्यांत चरबीचे थर उठले. पण चरबीचा थर धमनीच्या आतल्या अस्तरात साठतो आणि वाट अरुंद करतो. ॲन्युरिझममध्ये मधला थर, म्हणजे इलास्टिन या लवचिक प्रथिनाचा आणि स्नायुपेशींचा थर, नाहीसा होतो आणि वाट रुंदावते. फिलिप डॉब्रिन यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांनी हे नेमकं दाखवलं. धमनीला इलास्टिन तोडणारं इलास्टेज दिलं की ती फुगते पण टिकते, कोलॅजेन हे चिवट प्रथिन तोडणारं कोलॅजनेज दिलं की फुटते. इलास्टिन गेल्यावर सगळा भार कोलॅजेनवर येतो, आणि माणूस मोठा झाल्यावर नवं चांगलं इलास्टिन जवळपास बनतच नाही.

दुसरा पुरावा मधुमेहाचा. हृदयाच्या धमन्यांना मधुमेह घातक, हे सगळ्यांना माहीत. पोटातला ॲन्युरिझम मात्र मधुमेहींमध्ये कमी आढळतो आणि त्यांच्यात वाढतोही सावकाश. धूम्रपानाचा संबंध उलट अथेरोस्क्लेरोसिसपेक्षाही घट्ट आहे. एकच रोग असता तर हे दोन्ही जुळलं नसतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत सर्वांत जास्त वापर झाला तो २००० साली केंटकीतल्या ॲलन डॉहर्टी आणि लिसा कॅसिस यांच्या गटाने मांडलेल्या पद्धतीचा. एपोई हा रक्तातली चरबी हटवायला मदत करणारा जीन नसलेल्या उंदराच्या पाठीवर कातडीखाली छोटा ऑस्मॉटिक पंप बसवतात. त्यातून अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक मिनिटाला वजनाच्या दर किलोमागे ५०० किंवा १००० नॅनोग्रॅम या दराने साधारण २८ दिवस झिरपत राहतं. द्रावण उंदराच्या वजनावर आणि पंपाच्या वेगावर बेतावं लागतं. काही उंदीर पहिल्या आठवडा-दहा दिवसांतच महाधमनी फुटून मरतात. त्यांचं शवविच्छेदन करून नोंद ठेवली नाही तर शेवटी फक्त वाचलेल्यांची मापं हाती येतात, आणि औषध उगीचच निरुपयोगी किंवा गुणकारी वाटू शकतं. शिवाय उंदरात फुगवटा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर येतो, आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा भिंत चिरून आत रक्त शिरण्याने होते. माणसातला फुगवटा खाली येतो, वर्षानुवर्षं मंद वाढतो आणि त्यात गुठळीचे थर असतात. प्रयोग वाचताना हा फरक डोळ्याआड केला की फसगत ठरलेलीच.

डॉक्सिसायक्लिनचं तेच झालं. भिंत कुरतडणारी एमएमपी-९ ही एन्झाइम हे प्रतिजैविक रोखतं आणि उंदरांत फुगवटा थांबतो, म्हणून मोठी आशा होती. नेदरलँड्समधल्या चाचणीत १८ महिन्यांत औषध घेणाऱ्यांचा फुगवटा उलट थोडा जास्त वाढला. अमेरिकेतल्या २०२० च्या चाचणीत १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षं देऊनही दोन्ही गटांत वाढ सारखीच राहिली. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषधही आधीच बाद झालं होतं. उंदराला औषध इजेच्या आधी किंवा बरोबर मिळतं. पेशंट आपल्यापुढे येतो तेव्हा इलास्टिन कधीच संपलेलं असतं.

औषध नाही म्हटल्यावर प्रश्न उरतो, ऑपरेशन कधी? ब्रिटनच्या चाचणीत १९९८ मध्ये १०९० पेशंटवर आणि अमेरिकेत २००२ मध्ये ११३६ जणांवर दिसलं, की ५.५ सेंटिमीटरच्या आत घाई करून आयुष्य वाढत नाही. हा आकडा मुख्यतः पुरुषांवरून आलेला आहे. स्त्रियांची महाधमनी मुळात लहान आणि फुटण्याचा धोका जास्त, म्हणून युरोपीय मार्गदर्शनात त्यांच्यासाठी ५ सेंटिमीटरपासून विचार होतो. ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ६७,८०० पुरुषांच्या चाचणीत चार वर्षांत ॲन्युरिझममुळे मृत्यू, सोनोग्राफीला बोलावलेल्या गटात ६५ आणि न बोलावलेल्यात ११३. त्यावरून तिथे पुरुषांना ६५व्या वर्षी तपासायला सुरुवात झाली.

चरबीचा धागा मात्र तुटलेला नाही. जनुकांच्या मोठ्या अभ्यासात २०२३ मध्ये १२१ जागा ॲन्युरिझमशी जोडल्या गेल्या. त्यात रक्तातल्या चरबीशी निगडित जागा बऱ्याच आहेत, आणि पीसीएसके-९ हे रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारं प्रथिन औषधाचं लक्ष्य म्हणून पुढे आलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधावरही चाचण्या आहेत, मधुमेहाच्या त्याच जुन्या निरीक्षणामुळे. अडचण मापाची आहे. लहान फुगवटा वर्षाला सरासरी दोनेक मिलिमीटर वाढतो. सोनोग्राफीत कर्सर भिंतीच्या आतल्या कडेवर ठेवला की बाहेरच्या, एवढ्यानेच तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो, आणि दोन तंत्रज्ञांच्या मापांतही काही मिलिमीटरचं अंतर राहतं. त्यामुळे औषधाचा परिणाम खरोखर पाहायचा तर सगळ्या केंद्रांवर माप एकाच पद्धतीने घ्यावं लागतं आणि शेकडो पेशंट किमान दोन वर्षं पाहावे लागतात.