न आवडलेल्या प्रुफांपासून लाटेकपर्यंत

लाटेक म्हणजे गणिताचा मजकूर छापील पानासारखा नीट मांडून देणारं सॉफ्टवेअर. एम.एस्सी.ला किंवा संशोधनाला नुकतं लागलेलं कुणी विचारतं, "लाटेक कुठून घेऊ?" आणि उत्तरादाखल अर्धा डझन नावं कानावर पडतात: मिकटेक, टेक लाइव्ह, टेकस्टुडिओ, ओव्हरलीफ, झीलाटेक. नवखा माणूस इथेच गांगरतो, कारण ही एकमेकांना पर्याय असलेली नावंच नाहीत. एक इंजिनाचं, म्हणजे लिहिलेल्यातून पान बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, एक लागणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमांच्या संचाचं, एक नुसत्या लिहिण्याच्या खिडकीचं. प्रत्येक नाव वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीतून आलं. तो क्रम समजला की निवड बरीच सोपी होते.

शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापली जात तेव्हा गणिताचं पान म्हणजे कंपोझिटरची परीक्षाच असे. बेरजेचं मोठं चिन्ह, त्याच्या डोक्यावर आणि पायाशी बारीक अंक, शेजारी अपूर्णांक, त्याच्या छेदात पुन्हा वर्गमूळ. हे सगळं हाताने, मध्ये शिशाच्या पट्ट्या सारून बसवायचं. इंग्रजी छापखान्यांत अशा मजकुराला 'पेनल्टी कॉपी' म्हणत, कारण त्याचा दर साध्या मजकुरापेक्षा चढा असे.

स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचे पहिले खंड अशाच धातूच्या जुळणीतून, मोनोटाइप यंत्रावर तयार झाले होते आणि ते देखणे होते. पुढे ती यंत्रं मागे पडली, फोटोटाइपसेटिंग, म्हणजे अक्षरं फिल्मवर उमटवण्याची पद्धत, आलं. मार्च १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं क्नूथ यांच्या हाती आली आणि ती पाहून त्यांचा जीव खट्टू झाला. अक्षरं आणि त्यांमधली अंतरं पहिल्या आवृत्तीच्या जवळपासही नव्हती. त्याच सुमारास बारीक ठिपक्यांनी बनलेल्या डिजिटल अक्षरांतलं एका पुस्तकाचं पान त्यांनी पाहिलं होतं. पान म्हणजे शेवटी कुठे शाई हवी आणि कुठे नको याचा शून्य-एकचा तक्ता असेल, तर ते काम संगणकशास्त्रज्ञाचंच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. १३ मे १९७७ या तारखेच्या टिपणात त्यांनी 'टेक' या पानाची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमचा पहिला आराखडा मांडला. नावातलं शेवटचं अक्षर इंग्रजी एक्ससारखं दिसतं, पण ते ग्रीक आहे, म्हणून उच्चार 'टेक्स' नव्हे, 'टेक'.

वर्षभराच्या रजेत काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. लागली दहा वर्षांहून अधिक. 'मेटाफाँट' हा अक्षरं रेखण्याचा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला. त्यात रोमन लिपीतल्या एस या वळणदार अक्षराने त्यांना असं अडवलं की त्या एका अक्षरावर त्यांनी १९८० मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. एका अक्षरासाठी इतकं खपणाऱ्या माणसाचं हे सॉफ्टवेअर आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

टेक प्रत्येक अक्षराला एक चौकट मानतो आणि शब्दांमधल्या जागेला ताणता-आवळता येणारा 'ग्लू'. ओळ कुठे तोडायची हे तो ओळीगणिक ठरवत नाही. सगळा परिच्छेद तोलून पाहतो आणि मग ठरवतो. लिहिणाऱ्याने सूत्र साध्या मजकुरात लिहायचं. उदाहरणार्थ, आजच्या लाटेकमध्ये एक-द्वितीयांश हवा असेल तर उलटी तिरकी रेघ, 'फ्रॅक' हा शब्द, मग महिरपी कंसात १ आणि दुसऱ्या महिरपी कंसात २. रेघेची लांबी, अंकांचा आकार आणि मधली जागा टेक बघतो.

क्नूथ यांनी टेक सर्वांना मोफत खुला केला. १९९० मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे त्यात नवं काही येणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. दर दुरुस्तीला आवृत्तीचा क्रमांक 'पाय' (π) या संख्येकडे एक अंक सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. पाया असा स्थिर असल्यामुळेच त्यावर इतरांना निर्धास्तपणे बांधकाम करता आलं.

पहिलं मोठं बांधकाम संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांचं. नुसत्या टेकमध्ये पानाची सगळी मांडणी स्वतः सांगावी लागे. लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आज्ञांचा असा संच रचला की 'हे प्रकरण', 'हे प्रमेय' एवढं सांगितलं की क्रमांक आणि मांडणी आपोआप व्हावी. तेच लाटेक. फ्रँक मिटेलबाख आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आणलेली त्याची आवृत्ती आजही पायाला आहे.

मग प्रश्न आला तो हे सगळं संगणकावर एकत्र आणण्याचा. जगभरातले लोक लहानमोठी पॅकेजं, म्हणजे लाटेकला नव्या सोयी देणारी भर, लिहीत होते आणि ती सीटॅन या भांडारात जमा होत होती. १९९६ मध्ये 'टेक लाइव्ह' हा संच सीडीवर आला. मॅकसाठीचा मॅकटेक म्हणजे मुळात तोच. विंडोजसाठी क्रिश्चन शेंक यांनी मिकटेक बनवला. पूर्ण टेक लाइव्ह अनेक जीबी जागा खातो, पण जवळपास सगळं एकदमच देतो. मिकटेक थोडक्यावर सुरू होतो आणि लागेल ते पॅकेज इंटरनेटवरून आणतो. इंटरनेट बेभरवशाचं असेल तर मी पूर्ण टेक लाइव्हच घ्यायला सांगेन. प्रबंध द्यायच्या आदल्या रात्री पॅकेज सापडत नाही, हा अनुभव कुणावर येऊ नये.

मराठीची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने आली. टेक सुरुवातीला १२८ चिन्हांपुरता होता, १९८९च्या सुधारणेनंतर २५६. देवनागरीची जोडाक्षरं त्यात मावेनात. १९९१ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी देवनागरीचा टंक (फाँट) आणि एक पूर्व-प्रोग्रॅम दिला: मजकूर रोमन लिपीत लिहायचा आणि तो प्रोग्रॅम त्याचं देवनागरी करायचा. जोनाथन क्यू यांचं झीटेक हे इंजिन २००४ मध्ये आलं. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत, समजणारं होतं, त्यामुळे मराठी थेट मराठीत लिहिता येऊ लागलं. पुढे लुआटेक आलं आणि २०२० पासून त्यातही देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळू लागली. भारतात टेक वापरणाऱ्यांची संघटना १९९८ मध्ये तिरुवनंतपुरमला उभी राहिली आणि २००२ मध्ये जागतिक परिषद तिथेच भरली. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमातही लाटेकचे धडे आहेत.

२०१२ नंतर ब्राउझरमध्ये चालणारं ओव्हरलीफ आलं आणि काही बसवण्याची गरजच उरली नाही. पहिले चार दिवस तिथे घालवावेत, असं माझं मत आहे. फाइल मोठी झाली की मोफत खात्यातली पान बनवण्याच्या वेळेची मर्यादा आड येते. तेव्हा आपल्या संगणकावर संच बसवावा आणि लिहायला टेकवर्क्स किंवा टेकस्टुडिओ घ्यावं. लिहिण्याच्या या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये इंजिन बहुधा पीडीएफलाटेक असतं आणि इंग्रजी गणिताला ते पुरतं. मजकुरात एक जरी मराठी वाक्य असेल, तर तिथे झीलाटेक किंवा लुआलाटेक (झीटेक किंवा लुआटेकवर चालणारं लाटेक) निवडायचं आणि फाइलमध्ये देवनागरीचा टंक नावानिशी सांगायचा. हे राहिलं तर मराठी शब्दांच्या जागी पान कोरं येतं किंवा चुकांची यादी समोर येते, आणि नवखा माणूस दोष आपल्या सूत्रांत शोधत बसतो.