‘सर्व्हर डाऊन’ आहे, की एका पत्त्याचे दोन दावेदार आहेत?

दाखल्यांच्या खिडकीपासून पतसंस्थेच्या काउंटरपर्यंत कोठेही काम अडले, की ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगितले जाते आणि रांगेतील माणूस निमूटपणे घरी परततो. प्रत्यक्षात सर्व्हर बंद पडणे आणि चालू असलेल्या सर्व्हरपर्यंत पोहोचता न येणे या दोन निराळ्या घटना आहेत. दुसरी घटना अधूनमधून, उघड कारणाशिवाय घडू लागली, तर तिचा छडा लावणे फार अवघड होते, कारण तपासायला माणूस येईपर्यंत सगळे सुरळीत झालेले असते.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मुख्य कार्यालय आणि वाई, कोरेगाव, मेढा येथे शाखा असलेली एखादी पतसंस्था नजरेसमोर आणा. सर्व्हर मुख्य कार्यालयात आहे आणि शाखा इंटरनेटवरून त्याच्याशी जोडल्या जातात. आठवडाभर काम नीट चालते. मग एके दिवशी वीज जाऊन येते आणि दुपारी सर्व शाखांचा संपर्क तुटतो. मुख्य कार्यालयातील काही संगणकांवर मात्र तोच सर्व्हर व्यवस्थित दिसत असतो. कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतो, शाखा पुन्हा जोडल्या जातात, आणि तासा-दोन तासांनी तेच पुन्हा घडते. दोष कधी पावसाला दिला जातो, कधी केबलला.

सुरुवातीच्या तपासण्या सोप्या आहेत. संकेतस्थळाच्या नावावरून योग्य आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यात यंत्राला ओळखण्याचा क्रमांक, मिळतो का, इंटरनेट कंपनीने दिलेला बाहेरचा पत्ता बदलला आहे का आणि बिघाडाच्या वेळी राऊटर बाहेरून प्रतिसाद देतो का, हे पाहावे. तिन्ही गोष्टी ठीक असतील, तर गुन्हेगार कार्यालयाच्या आतच असण्याची शक्यता मोठी असते, आणि तेथे इंटरनेटमधील एक अत्यंत साधी, विश्वासावर चालणारी यंत्रणा आपली वाट पाहत असते.

बाहेरून आलेली विनंती राऊटर सर्व्हरच्या आतील पत्त्याकडे, समजा १९२.१६८.१.५० कडे, पाठवतो. परंतु कार्यालयातील जाळ्यात माहितीचे पाकीट प्रत्यक्ष पोहोचते ते आयपी पत्त्यावर नव्हे, तर प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला मिळालेल्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावर. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची रीत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडली. तिला एआरपी म्हणतात. राऊटर जाळ्यातील सर्वांना विचारतो, ‘१९२.१६८.१.५० हा पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल ते यंत्र आपला मॅक पत्ता कळवते आणि राऊटर ही जोडी आपल्या तक्त्यात काही काळ नोंदवून ठेवतो.

उत्तर देणाऱ्याचा दावा खरा आहे का, हे कोणीही तपासत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या यंत्राने स्वतःच्या कामासाठी राऊटरचा मॅक पत्ता विचारला, तरी त्या प्रश्नासोबत विचारणाऱ्याचा आयपी पत्ता आणि मॅक पत्ता जातो. तो आयपी पत्ता तक्त्यात आधीच असेल, तर नवा मॅक पत्ता जुन्याच्या जागी लिहावा, असा मूळ नियम आहे. म्हणजे एकाच आयपी पत्त्यावर दोन यंत्रे हक्क सांगत असतील, तर सर्वसाधारणपणे जो शेवटी बोलला त्याची नोंद टिकते. आता १९२.१६८.१.५० हाच पत्ता एखाद्या मोबाइलला किंवा नव्याने बसवलेल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) मिळाला, तर राऊटर शाखांच्या विनंत्या त्या यंत्राकडे पाठवू लागतो आणि ते त्या नाकारते किंवा गप्प राहते. आतील प्रत्येक संगणकाचा तक्ता मात्र स्वतंत्र असतो. ज्याच्या तक्त्यात खऱ्या सर्व्हरची नोंद शिल्लक आहे, त्याला काहीही बिघडलेले दिसत नाही.

वीज आणि रीस्टार्ट यांचा संबंधही येथेच उलगडतो. सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो, पण राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. जाळ्यात येणाऱ्या यंत्रांना आतील पत्ते सहसा राऊटरच वाटतो; अनेक स्वस्त राऊटर कोणता पत्ता कोणाला दिला याची नोंद वीज गेल्यावर विसरतात आणि पत्ते नव्याने वाटू लागतात. सर्व्हरचा पत्ता हाताने भरलेला असेल आणि तो वाटपाच्या टप्प्यातच येत असेल, तर राऊटर तो दुसऱ्याला देऊन बसू शकतो. सर्व्हर रीस्टार्ट केला, की तो जाळ्याशी बोलताना आपली ओळख पुन्हा सांगतो, तक्त्यातील नोंद दुरुस्त होते आणि सर्वांना हायसे वाटते; दुसरे यंत्र बोलले, की ती नोंद पुन्हा बिघडते.

गुण येतो म्हणून कारण कळले असे मानणे ही अंधश्रद्धेची पहिली पायरी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधणे आणि कारण न शोधता रोज रीस्टार्ट करणे यांकडे एकाच चिकित्सक नजरेने पाहिले गेले पाहिजे.

खात्रीची परीक्षा अवघड नाही, मात्र ती बिघाड चालू असतानाच करावी लागते. संध्याकाळी सर्व मोबाइल घरी गेल्यावर काहीही सापडत नाही. सर्व्हरची नेटवर्क केबल काढावी, दुसऱ्या संगणकावरील एआरपी तक्ता पुसावा आणि सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक द्यावी. पिंगला उत्तर आले नाही, तरी तक्ता उघडून पाहावा, कारण पिंगकडे दुर्लक्ष करणारे यंत्रही एआरपीला सहसा उत्तर देते. केबल काढलेली असताना त्या पत्त्यासमोर मॅक पत्ता उमटला, तर दुसरा दावेदार सापडला. मॅक पत्त्याच्या पहिल्या २४ बिटांवरून बहुतेक वेळा त्याचा निर्माताही कळतो. मोबाइल मात्र हल्ली बनावट मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हा माग हमखास लागत नाही.

पत्ता वापरण्यापूर्वी तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे यंत्राने विचारून घ्यावे, अशी पद्धत २००८ मध्ये प्रमाणित झाली आहे. पण सर्वच उपकरणे ती पाळतात असे नाही. म्हणून राऊटरमध्ये वाटपाचा टप्पा (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते २०० असा मर्यादित करावा, सर्व्हर, प्रिंटर आणि डीव्हीआर यांना त्याबाहेरचे वेगवेगळे पत्ते द्यावेत आणि त्यांची यादी राऊटरशेजारी लावावी, म्हणजे पुढच्या वेळी कॅमेरे बसवायला येणाऱ्या माणसाला कोणता पत्ता मोकळा आहे, हे पाहता येईल.