एकाच वर्गात अनेक भाषा: डब्लिनच्या शाळेतली पद्धत

मुलांना घरची भाषा वर्गात मोकळेपणी वापरू द्यायची आणि तिच्याच आधाराने शाळेच्या भाषा शिकवायच्या, अशी ही पद्धत. हिचं मला सगळ्यात भक्कम वाटणारं उदाहरण म्हणजे डब्लिनच्या पश्चिमेला ब्लँचर्डस्टाउनमधली स्कॉल व्रीजे कॅलीनी ही मुलींची प्राथमिक शाळा. १९९० च्या दशकात आयर्लंडमध्ये बाहेरून कुटुंबं यायला लागली आणि होता होता इथल्या साधारण ३२० मुलींपैकी जवळपास ८० टक्के मुलींच्या घरची भाषा इंग्रजीही नाही आणि आयरिशही (आयर्लंडची स्वतःची जुनी भाषा) नाही अशी झाली, भाषा ५० च्या वर, पोलिश, रोमानियन, योरुबा, मल्याळम, टागालोग, सगळं एकाच इमारतीत.

आता एवढ्या भाषा कुठल्या टीचरला येणार? तेव्हाच्या मुख्याध्यापिका डिअर्ड्रा किर्वन आणि त्यांच्या शिक्षकांनी टीचरला त्या याव्यात असा हट्टच धरला नाही, आपल्या भाषेतली जाणकार ती मुलगी स्वतः, टीचरने फक्त विचारायचं आणि ऐकायचं. म्हणजे बालवर्गात पाचपर्यंत आकडे म्हणायचे तर आधी इंग्रजीत, मग आयरिशमध्ये, मग एकेकीच्या भाषेत, आणि बाकीच्या पोरी तेही उचलतात. थोड्या मोठ्या झाल्या की एकच मजकूर इंग्रजीत आणि घरच्या भाषेत शेजारी शेजारी लिहितात, पुढे त्यात आयरिश येते, पाचवी-सहावीत फ्रेंच. घरच्या भाषेत लिहायला शाळा शिकवत नाही, ते आईबाबांकडून येतं, त्यामुळे पालकही आपोआप अभ्यासात ओढले जातात.

बऱ्याच ठिकाणी परदेशातून आलेल्या पालकांना सरळ सांगतात की मुलांशी घरीही इंग्रजीच बोला, म्हणजे लवकर शिकतील. इथे नेमकं उलटं केलं, तरी इंग्रजी आणि गणिताच्या प्रमाणित चाचण्यांत या मुली राष्ट्रीय सरासरीइतक्या किंवा त्याहून वरच राहिल्या, आणि आयरिशही आवडीने, स्वतःहून वापरायला लागल्या, मला तर हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते कारण आयर्लंडमध्ये आयरिश सगळे शिकतात पण बोलणारे कमी. किर्वन आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे भाषातज्ज्ञ डेव्हिड लिटल यांनी २०१९ मध्ये या सगळ्यावर पुस्तक काढलं, त्यात मुलींनी वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले मजकूर दिलेत, शिक्षकांनी आधी तेच वाचावेत.